पाठीचा गळा कुणाचा?

पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहतात. २२ वर्षं घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवतात. गेली सहा वर्षं शहरातल्या एका बुटीकचं काम घेतात आणि महिन्याची जवळपास निम्मी कमाई त्यातूनच येते. बुटीकच्या मॅडम कापड आणि मापं पाठवतात. सोबत कधी व्हॉट्सॲपवर एखादा फोटो, कधी बिलाच्या पाठीमागे काढलेल्या चार रेघा. बाकीचं ताई ठरवतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलीनं (ती पुण्यात फॅशन डिझाइन शिकते) त्यांना ‘डिओर अँड आय’ हा माहितीपट दाखवला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत समजावत. आठवड्याभरातच मॅडमनी इन्स्टाग्रामवर एका नवरीच्या ब्लाउजचा फोटो टाकला. त्याचा पाठीचा गळा ताईंनी रात्री दोनपर्यंत बसून जमवला होता. खाली ‘डिझाइन’ म्हणून मॅडमचं नाव. ब्लाउज साडेसहा हजारांना गेला, ताईंना नऊशे मिळाले. मुलगी म्हणते, नाव मागून घे. यजमान म्हणतात, चाललंय ते बिघडवू नको. ताई विचारतात: “बुटीक सोडून स्वतःच्या नावाची पाटी लावू का? आणि मी नेमकी कोण, डिझायनर की शिंपीण? ता. क. मुलीची फी याच पैशातून जाते. आणि एक विचारायचं राहिलं, ते लोक आधी सगळं पांढऱ्या कापडात का शिवतात? कापड वाया नाही का जात?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि रात्री तो माहितीपट पुन्हा लावला. पूर्वी पाहिला तेव्हा मी राफ सिमन्सकडे बघत होते. या वेळी तुमच्यासारखी हातांकडे बघत बसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गोष्ट २०१२ सालची. सिमन्स हा बेल्जियन डिझायनर पॅरिसच्या डिओर या फॅशन घराण्यात नुकताच रुजू झालाय. त्याचं नाव झालं ते मुख्यतः पुरुषांच्या कपड्यांमुळे, शिक्षण इंडस्ट्रियल डिझाइनचं, फ्रेंच बेताचंच. ओत कुतूर म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापानं हातानं शिवलेले, डोळे पांढरे करणाऱ्या किमतीचे कपडे. त्यातलं पहिलं कलेक्शन उभं करायला त्याच्या हातात जेमतेम आठ आठवडे. दिग्दर्शक फ्रेडेरिक चेंगनं कॅमेरा त्याच्या मागे लावला, पण तेवढ्यावर थांबला नाही. तो वरच्या मजल्यावरच्या शिवणघरात गेला. तिथे दोन विभाग. एकात झुळझुळीत, अंगावरून वाहणारे गाऊन, त्याची प्रमुख फ्लोरांस. दुसऱ्यात कोट-जॅकेटसारखं नेमकं, घट्ट काम, तिथे मोनिक. आणि त्यांच्या हाताखाली पांढरे कोट घातलेले, वर्षानुवर्षं तिथेच शिवत आलेले कारागीर.

तुम्ही लिहिता, “तिकडं कारागिराला मान आहे, नाव आहे. इथं आम्हाला कुत्रं विचारत नाही.” मानाचं मला मान्य. नावाबद्दल मात्र जरा थांबू या. त्या गाऊनच्या आत जी पट्टी शिवतात तिच्यावर फ्लोरांसचं नाव नसतं, मोनिकचंही नसतं. आपल्याला या दोघी माहीत आहेत त्या एका माणसाला कॅमेरा घेऊन जिना चढावासा वाटला म्हणून. आणि गंमत बघा, त्या पट्टीवर राफ सिमन्सचंही नाव नसतं. तिथे ‘क्रिस्तियाँ डिओर’ असतं, जो माणूस १९५७ मध्येच गेला. जगप्रसिद्ध डिझायनर आठ आठवडे रक्त आटवतो, शोच्या आधी रडू आवरत नाही इतका ताण घेतो, आणि कपडा दुसऱ्याच्या नावाने जातो. २०१५ मध्ये सिमन्स तिथून बाहेरही पडला. पट्टी तीच राहिली.

अजून मागे जाऊ. खुद्द डिओर आधी रॉबेर पिगेकडे आणि मग ल्यूसियँ लेलाँकडे नोकरीला होता. त्या वर्षांत त्यानं काढलेले कपडे मालकाच्या नावानं विकले गेले. स्वतःच्या नावाचं पहिलं कलेक्शन त्यानं १२ फेब्रुवारी १९४७ ला दाखवलं, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. तेही कापड गिरण्यांचा मालक मार्सेल बुसाक याचे पैसे पाठीशी उभे राहिले तेव्हा. माहितीपटात मधून मधून जो आवाज येतो तो डिओरच्या आठवणींच्या पुस्तकातला, आणि त्यात तो स्वतःच सांगतो की लोकांचा ‘क्रिस्तियाँ डिओर’ वेगळा आणि मी वेगळा. म्हणजे ज्याचं नाव, त्यालाही ते नाव अंगाला नीट बसत नव्हतं. मुंढ्यात कुठेतरी काचत होतं म्हणा.

हे सांगून तुमची समजूत घालायचा माझा विचार नाही. तुमच्यावर अन्याय झालाय असं मलाही वाटतं. पण तो कुठे झालाय ते नीट बघू, कारण चुकीच्या जागी टक घातला की झोळ दुसरीकडेच निघतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

तुमचं दुसरं वाक्य: “मॅडमना सुईत दोरा ओवता येत नाही आणि म्हणे डिझायनर.” ताई, दोरा सिमन्सही ओवत बसला नव्हता. तो तर स्वतः स्केचसुद्धा काढत नाही. त्यानं संदर्भांच्या फायली सहकाऱ्यांना दिल्या, त्यांनी रेखाटनं काढली, त्यातून शिवणघरातल्यांनी नमुने शिवले. मग त्यानं केलं काय? ठरवलं. हे हवं, ते नको, हे अजून साधं करा. एका चित्रकाराच्या कॅनव्हासवरचे रंगाचे फवारे त्याला कापडात हवे होते. विणून झालेल्या कापडावर छापून तो परिणाम येईना, म्हणून त्यानं आधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे छापून मग कापड विणायचा हट्ट धरला. (आपल्याकडच्या इकतवाल्यांना यात नवल वाटणार नाही, तिथेही आधी धाग्यावर रंग चढतो, मग माग चालतो.) सगळे म्हणत होते वेळ नाही, तो अडून बसला. तो हट्ट म्हणजे त्याचं डिझाइन.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की तुमच्या आणि मॅडमच्या कामात ठरवतं कोण. मराठीनं इथे आपलं काम सोपं करून ठेवलंय. आपण कपडा ‘बेततो’, आणि मनात जे ठरवतो त्यालाही ‘बेत’च म्हणतो. कापडावर खडू टेकवायच्या आधी ज्याच्या डोक्यात गळा उमटला, बेत त्याचा.

आता प्रामाणिकपणे आठवा. त्या नवरीच्या ब्लाउजला मॅडमनी काय पाठवलं होतं? तुम्ही लिहिलंय: बिलामागची आकृती, पाठीवर एक पान आणि त्याला दोन रेघा. पान म्हणजे पोकळी की वरून लावलेला तुकडा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही ती पोकळी धरली. मग एवढा मोठा गळा खांद्यावरून घसरेल म्हणून खांद्याचा उतार बदललात, अस्तरात आतून पट्टी दिलीत, हूक पाठीवरून काढून पुढे आणलेत. हे सगळं तुमच्या डोक्यातून आलं. या गळ्यापुरत्या तुम्ही डिझायनर आहात आणि त्यासाठी कुणाच्या पोस्टची गरज नाही. पण त्याच महिन्यात तुम्ही फोटो बघून हुबेहूब शिवलेले ब्लाउजही असतील. तिथे तुम्ही उत्तम शिंपीण आहात. दोन्ही तुम्हीच. ‘शिंपीण’ हा शब्द तुम्ही जरा खालच्या पट्टीत लिहिलाय, तो माझ्या घशाखाली उतरत नाही.

आणखी एक गोष्ट, रागावू नका. तुम्ही लिहिता की त्या ब्लाउजच्या बाह्यांवर आरीचं काम होतं आणि ते दुसरीकडून करून आलं होतं. कुणाकडून? त्या कारागिराचं नाव मॅडमच्या पोस्टमध्ये नव्हतं. तुमच्या पत्रातही नाही. साडेसहा हजार वजा नऊशे हा हिशोब मांडलात त्यात त्याची मजुरी धरली का? कापड, दुकानाचं भाडं, गिऱ्हाईक चार वेळा येऊन कुरकुरतं तेव्हा ते ऐकून घेणं, हेही धरा. ते सगळं वजा करूनही नऊशे कमीच आहेत, माझा आकडा तुमच्या बाजूनेच पडतो. पण मॅडमशी बोलायला बसाल तेव्हा हा हिशोब त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

माझंही सांगते. मी नऊ वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. माझी एक ओळ एका गावात बसस्टँडच्या भिंतीवर पाच-सहा वर्षं होती, खाली अर्थात कंपनीचं नाव. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एकदा त्यातला एक शब्द मला न विचारता बदलला आणि ओळीची चाल गेली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. नाव, पैसा आणि आपल्या बेतावरचा हक्क ही तीन वेगळी दुखणी आहेत. बाहेरून सारखीच दिसतात. तुमच्या पत्रात पैशाचा आकडा दोनदा आलाय, नाव एकदा, आणि “एक फोन करून छान झालाय एवढं तरी म्हणायचं” हे वाक्य तीनदा. मोजलंय मी.

आता काय करायचं.

आधी एक वही घाला. साधी, शंभर पानी. बुटीकच्या प्रत्येक नगाला एक पान: तिकडून काय आलं (फोटो, रेघा, नुसती मापं), तुम्ही काय ठरवलंत, तास किती गेले, मिळाले किती. तयार कपड्याचा पुढून आणि मागून फोटो काढा, तारीख लिहा. दोन महिने भरलेली वही हातात आली की ‘सगळं मीच करते’ याच्या जागी ‘तीसपैकी अकरा नग मी बेतले’ असं काहीतरी म्हणता येईल. आकडा कदाचित सात निघेल, कदाचित बावीस. काहीही निघालं तरी बोलणं त्यावरच उभं राहील.

ही कल्पना माझी नाही. पॅरिसमध्येच मादलेन व्हियोने नावाची बाई होऊन गेली. अगदी लहानपणी शिवणकामाला लागलेली, कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत काम केलेली, १९१२ मध्ये स्वतःचं दुकान काढलेली. कापड तिरकं बेतण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक तिची नक्कल करायला लागले तेव्हा तिनं प्रत्येक कपड्याचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढून आल्बम केले, आणि आतल्या पट्टीवर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा छापायला लागली. आपल्याकडे अंगठा कुणाचा असतो, तर ज्याला सही येत नाही त्याचा. इथे जिच्या हातासारखा हात पॅरिसात नव्हता, तिनं तो मुद्दाम उमटवला. मुलीला म्हणावं, डिओर दाखवलास, आता हिचं काम दाखव.

पैशाचं बोलणं नावाच्या आधी करा. मोठ्या वर्कशॉपमध्ये कापतो तो मास्टर, शिवतो तो कारागीर, आणि दोघांचा दर वेगळा. तुम्ही काम मास्टरचं आणि कारागिराचं दोन्ही करता, दर मात्र कारागिराचा घेता. माझ्या मते सहा वर्षांतलं तुमचं खरं नुकसान हे आहे. तेव्हा दोन दर ठेवा. फोटोवरून हुबेहूब शिवायचं त्याचा एक, आणि आकृतीवरून किंवा नुसत्या मापांवरून बेतायचं त्याचा वेगळा.

कधी बोलायचं? लग्नसराईच्या ऑर्डरी हातात घ्यायच्या आधी. अर्धवट शिवलेली नवरीची चोळी मांडीवर ठेवून नव्हे. तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती धमकीच दिसेल, आणि मध्ये ती बिचारी नवरी सापडेल. व्हॉट्सॲपवरही नको. प्रत्यक्ष जा, वही घेऊन. शब्द साधे ठेवा: “मॅडम, फोटोवरचं काम नेहमीच्याच दरात करेन. ज्यात गळा-बाही मला बेतायला लागते त्याचे इतके. आणि माझ्या बेताचा फोटो टाकाल तेव्हा ‘पॅटर्न आणि शिवण’ म्हणून माझं नाव खाली टाका.” मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आपण बायका घाबरून पुढच्याच वाक्यात आपलाच दर कमी करतो.

मॅडम ऐकतील का? माहितीपटातला तो प्रसंग आठवतो का, सिमन्स फिटिंगची वाट बघतोय आणि फ्लोरांस जागेवर नाही? ती न्यूयॉर्कला गेलीय, एका बड्या गिऱ्हाइकाचे कपडे जुळवायला. सिमन्स चिडतो. पण दर मोसमाला ऑर्डर देणाऱ्या बाईला नाही म्हणणं त्या घराला परवडत नाही. मला त्यात एकच दिसलं: कपडा अंगावर नीट बसवायची वेळ आली तेव्हा विमानात बसली ती फ्लोरांस. तुमच्या मॅडमचं एखादं गिऱ्हाईक मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ब्लाउज अंगाला लागत नाही म्हणून फोन करतं, तेव्हा मॅडम कुणाला फोन लावतात? ते त्यांनाही माहीत आहे. दर वाढवायला त्या तयार होतील, नावाला कदाचित होणार नाहीत. तसं झालं तर दर घ्या, नावाचं पुढच्या दिवाळीला पुन्हा काढा. दोन्हीला साफ नकार आला तर मात्र तुमच्या कामाची किंमत त्यांना कळते पण द्यायची नाही, असं समजा. तिथून पुढे बुटीकचे नग थोडे थोडे कमी करत जा.

न विचारता त्यांच्या कपड्यात आपली पट्टी शिवू नका, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना परस्पर फोन करू नका. गाव लहान असतं.

पाटी? लावा की. त्यासाठी बुटीक सोडायची काय गरज? घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आजपासून नावाची पट्टी सुरू करा. विणलेल्या पट्ट्या मागवता येतात, तोवर रंगीत दोऱ्यानं दोन अक्षरं काढा. सगळं सोडून दुकान थाटायचं असेल तर ते घरच्या गिऱ्हाइकांची कमाई सलग सहा महिने बुटीकमधून येणारा निम्मा वाटा भरून काढेल तेव्हा. मोटरवालं नवं मशीन किंवा ओव्हरलॉक घ्यायचं असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम धरलेलं आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात तारणाशिवाय ५ टक्के व्याजानं १ लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. एका कुटुंबातून एकालाच, आणि नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. कर्ज घ्याच असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी तर अजिबात नाही.

यजमानांचं ‘बिघडवू नको’ मला भित्रेपणाचं वाटत नाही, त्यांना फीची तारीख दिसते आहे. त्यांना वही दाखवा, मॅडमला दाखवायच्या आधी.

राहिली मुलगी. पत्रभर तुम्ही मॅडमवर रागावला आहात, पण मला वाटतं रात्री झोप उडाली ती दुसऱ्याच कशानं. तुम्ही लिहिता, “ही शिकून उद्या अशीच कुणालातरी बिलामागं रेघा मारून पाठवंल का?” हे वाक्य मध्येच आलंय आणि पुढच्या ओळीत तुम्ही लगेच विषय बदललाय. पाठवेलही. तिचं काम तेच असणार आहे, त्यासाठीच तुम्ही फी भरता. पण ते काम नीट कसं करायचं हे तिला तुमच्याइतकं कुणी शिकवू शकणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली की तिच्याकडून एक आकृती काढून घ्या, मग तिच्यासमोर बसून ती बेता आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: हे पान म्हणजे पोकळी का तुकडा? खांद्याला उतार किती? हूक कुठे? तिला उत्तर आलं नाही तर कातर खाली ठेवा आणि वाट बघा. आणि ‘नाव मागून घे’ हे तिचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण मॅडमसमोर तुम्हाला बसायचंय. तिला सोबत नेऊ नका.

तुमची,
सल्ला सदरवाली

ता. क. त्या पांढऱ्या कापडाचं. त्याला तिकडे ‘त्वाल’ म्हणतात, आपल्या मांजरपाटासारखं साधं सुती. महागड्या रेशमाला कातर लावायच्या आधी पूर्ण कपडा त्यात शिवून अंगावर चढवतात, टाचण्या लावून, खडूनं खुणा करून चुका काढतात, उसवतात आणि त्यावरून खरा कपडा बेततात. वाया काही जात नाही, कारण त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात असतात. पुढच्या नवरीच्या ब्लाउजला तुम्हीही आधी मांजरपाटाचा नमुना करा. रात्री दोनपर्यंत जागावं लागणार नाही. आणि त्याचे दोनशे रुपये वेगळे लावा.